फलंदाज आणता येतो, गोलंदाज पेरावा लागतो

मंडळी, पावसाळा म्हणजे आमच्या केळापूर तालुक्यात पेरणीचा काळ आणि देशभरातल्या क्रिकेट असोसिएशनांच्या ऑफिसांत खरेदीचा काळ. रणजी मोसम संपलेला असतो, पुढचा सुरू व्हायला अवकाश असतो. मग हळूच बातम्या यायला लागतात. अमक्याने आपल्या असोसिएशनकडे 'ना हरकत' मागितली, तमका आता दुसऱ्या राज्याकडून खेळणार, वगैरे. बोर्डाच्या नियमाप्रमाणे एका संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. त्यांना 'प्रोफेशनल' म्हणायचं. साध्या मराठीत पाहुणे कलाकार.

अमेरिकेत बेसबॉलवाले हाच उद्योग हिवाळ्यात करतात. तिकडे सगळ्यात जास्त काथ्याकूट चालतो तो एकाच प्रश्नावर: सुरुवातीचा पिचर कुठला घ्यायचा? कारण सोपं आहे. फलंदाज रोज खेळू शकतो, पण डावाची सुरुवात करणारा पिचर एकदा फेकला की साधारण पाचव्या दिवशीच परत येतो. खांदा शेवटी हाडामांसाचा! त्यामुळे असे पाच लागतात, आणि पाच चांगले कुणाकडेच नसतात.

आता हाच प्रश्न आपल्या विदर्भाला लावून बघू. विदर्भाने सुट्टीच्या मोसमात बाहेरून कुठला गोलंदाज आणावा? गेली काही वर्षं मी वीकेंडला जुने स्कोअरकार्ड चाळत असतो (आमच्या टीममधले लोक ट्रेकला जातात, मी हे करतो :) ). त्यातून माझं एक मत झालंय आणि ते आज मांडणार आहे. पण मताआधी इतिहास, कारण इतिहासाशिवाय मत म्हणजे रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहिणं.

कच्चा माल जाणार, पक्का माल येणार

आमच्या भागाचा धंदा म्हणजे कापूस. वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकायचा, सरकी निघाली की गाठी बांधून बाहेर जायचा आणि कापड होऊन परत यायचा, अर्थात दाम वाढवून. यवतमाळची शकुंतला रेल्वे मुळात टाकली गेली ती हा कापूस वाहून न्यायलाच.

क्रिकेटमध्ये वेगळं काही घडलं नाही. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मले नागपुरात, १८९५ साली. पण राजाश्रय मिळाला इंदूरला, होळकरांकडे. डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड, जन्म नागपूर, तेही होळकर संघाकडूनच नावारूपाला आले आणि १९५२ साली लखनौला पाकिस्तानविरुद्ध कसोटी खेळले. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या काळी महाराजांचा शब्द हीच 'ना हरकत'. नागपूरकडे पोट्टे होते, इंदूरकडे तिजोरी होती. विषय संपला.

विदर्भ या नावाने आपला संघ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये. त्यानंतर करंडक हातात यायला साठ वर्षं गेली. साठ! माझ्या आजोबांच्या तरुणपणी सुरू झालेला प्रोजेक्ट माझ्या नोकरीच्या काळात डिलिव्हर झाला.

चार वेस्ट इंडियन आणले तेव्हा

बाहेरून गोलंदाज आणण्याचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा प्रयोग झाला १९६२-६३ च्या मोसमात. १९६२ च्या सुरुवातीला भारत वेस्ट इंडिजमध्ये ०-५ हरला होता. त्याच दौऱ्यात बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरता मरता वाचले. आपल्या फलंदाजांना वेग बघायलाच मिळत नाही, हे बोर्डाच्या लक्षात आलं. मग उपाय काय? वेगच आयात करा! चार वेस्ट इंडियन वेगवान गोलंदाज बोलावले गेले. रॉय गिलख्रिस्ट हैदराबादला, चेस्टर वॉटसन दिल्लीला, लेस्टर किंग बंगालला आणि चार्ली स्टेअर्स मुंबईला.

म्हणजे दक्षिण, उत्तर, पूर्व, पश्चिम असे चार विभाग झाले. विभाग होते पाच. मध्य विभागाच्या, म्हणजे विदर्भ ज्यात खेळायचा त्याच्या, वाट्याला भोपळा! गंमत म्हणजे त्या वर्षी अंतिम फेरीत मुंबईसमोर उभा राहिला तो राजस्थान, म्हणजे नेमका मध्य विभागातला संघ. करंडक अर्थात मुंबईनेच नेला.

या प्रयोगाचं फलित काय? फलंदाजांना सराव मिळाला असेल, नाही म्हणत नाही. पण ती चौकडी परत गेली आणि आपल्याकडे वेगवान गोलंदाज काही उगवले नाहीत. भारताच्या नव्या चेंडूला खरी धार यायला १९७८ साल उजाडावं लागलं, कपिल देव यावा लागला. तो हरियाणात घडलेला होता, किंग्स्टनहून आणलेला नव्हता. मला वाटतं या एका उदाहरणात आजच्या लेखाचं अर्धं सार आहे.

राजस्थानचा फॉर्म्युला

आता थेट २०१०-११ मध्ये येऊ. राजस्थान तेव्हा प्लेट गटात, म्हणजे खालच्या वर्गात होता. त्यांनी तीन पाहुणे आणले: आकाश चोप्रा, रश्मी रंजन परिदा आणि आपला पुण्याचा हृषीकेश कानिटकर, जो कर्णधारही झाला. तिघेही फलंदाज, तिघांची उमेदीची वर्षं सरलेली. गोलंदाजी मात्र पंकज सिंग आणि दीपक चहर या घरच्या पोरांकडे. चहरने पदार्पणातच १० धावांत ८ बळी घेतले आणि हैदराबाद २१ धावांत गारद झालं. प्लेटमधून सुरुवात करून राजस्थानने थेट करंडक उचलला आणि पुढच्या वर्षी तो राखलाही.

हा फॉर्म्युला नीट बघा: फलंदाज बाहेरचे, गोलंदाज घरचे.

विदर्भाने पुढे हेच केलं. २०१४-१५ मध्ये तमिळनाडूचा बद्रिनाथ कर्णधार म्हणून आला आणि कर्नाटकचा गणेश सतीश आला. बद्रिनाथ दोन मोसमांनंतर गेला, सतीश राहिला आणि आपलाच झाला. २०१५-१६ पासून वसीम जाफर. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित. मधल्या काळात जामठ्याचं स्टेडियम २००८ साली उभं राहिलं होतं, अकादमी सुरू झाली होती. भारताकडून खेळलेला विदर्भाचा पहिला खेळाडू प्रशांत वैद्य (तोही वेगवान गोलंदाजच) या सगळ्या उभारणीत होता. गोलंदाजांना घडवायला सुब्रतो बॅनर्जी होते. पैसा टीव्हीच्या हक्कांतून बोर्डाकडे आणि बोर्डाकडून असोसिएशनकडे येत होता. तो चार नावांवर उधळण्याऐवजी मुलांवर लावला गेला. इतिहासात याला समांतर उदाहरण हवं असेल तर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल आठवा. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू झाली ती या विचाराने, की कापूस जिथे पिकतो तिथेच सूत का काढू नये?

तिथेच काढलेलं सूत

पहिला धागा उमेश यादव. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पोलीस आणि सैन्य दोन्हीकडे भरतीचा प्रयत्न केलेला, जमलं नाही. बराच काळ टेनिस बॉलवरच खेळलेला. विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याच्यावर विश्वास टाकला आणि २००८ मध्ये तो रणजी खेळला. थोड्याच दिवसांत दुलीप करंडकात द्रविड आणि लक्ष्मण त्याच्या खात्यावर जमा झाले होते. २०११ मध्ये तो कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीवीर.

आता सांगा, २००७ च्या पावसाळ्यात कुठल्या असोसिएशनने 'कोण उपलब्ध आहे' अशी यादी काढली असती, तर त्यात उमेशचं नाव असतं का? शक्यच नाही. बाजारात फक्त नाव झालेला माल असतो.

दुसरा धागा रजनीश गुरबानी. याच्याबद्दल मला विशेष प्रेम, कारण गडी सिव्हिल इंजिनिअर आहे. आमच्यापैकी बहुतेकांनी डिग्री घेऊन नोकरी धरली, याने डिग्री घेऊन आऊटस्विंग धरला. २०१७-१८ चा उपांत्य सामना, ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. विदर्भ पहिल्या डावात १८५. कर्नाटकला जिंकायला १९८ हव्या होत्या, झाल्या १९२. पाच धावांनी विजय! गुरबानी सामन्यात १२ बळी.

अंतिम सामना दिल्लीशी, इंदूरला, होळकर स्टेडियमवर. म्हणजे ज्या गावाने आपला नायडू नेला त्याच गावात. उमेश तोवर भारतीय संघात दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलेला. इथेच खरी परीक्षा होती. त्याच्या जागी कोण? अकोल्याचा आदित्य ठाकरे, जेमतेम एकोणीस वर्षांचा, प्रथम श्रेणीतला पहिलाच सामना. त्या मोसमात रेल्वेचा लेगस्पिनर कर्ण शर्माही पाहुणा म्हणून विदर्भाकडे होता, पण अंतिम सामन्याच्या अकरात तो नव्हता. पाचही मुख्य गोलंदाज घरचे. गुरबानीने ५९ धावांत ६ बळी घेतले आणि त्यात हॅटट्रिक. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि १४५ वर खेळणारा ध्रुव शोरी, तिघेही त्रिफळाचीत. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅटट्रिक, आधीची १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. एम्प्रेस मिल सुरू झाली तीच तारीख. योगायोगच, पण आपल्याला आवडला बुवा.

पुढच्या वर्षी परत तेच. ४० वर्षांच्या जाफरने मोसमात १०३७ धावा कुटल्या. वायनाडच्या उपांत्य सामन्यात उमेशने केरळचे १२ बळी घेतले. आणि नागपूरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रविरुद्ध डावखुरा आदित्य सरवटे ११ बळी. पुजारा दोन्ही डावांत सरवटेकडेच, १ आणि ०.

याच सामन्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा अक्षय कर्णेवारही होता. नाबाद ७३ धावा. हा तोच, जो दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. याच कर्णेवारने पुढे २०२१ मध्ये मुश्ताक अली करंडकात मणिपूरविरुद्ध चार षटकं टाकली, चारही निर्धाव, बळी दोन. टी-ट्वेंटीत चार षटकांत शून्य धावा! दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा मुलगा कुठल्याही खरेदीच्या यादीत 'विचित्र' म्हणून बाजूला पडला असता. घरच्या मैदानावर मात्र कुणीतरी त्याला म्हणालं असणार, टाक बावा दोन्हीने.

पण केरळचं काय?

आता तुम्ही म्हणाल, बाहेरचे गोलंदाज आणून यश मिळालंच नाही का? मिळालंय. मी वकील नाही, दोन्ही बाजू मांडतो. केरळने मध्य प्रदेशचा जलज सक्सेना २०१६-१७ मध्ये घेतला आणि तो २०२४-२५ पर्यंत त्यांच्याकडे होता. रणजीत ६००० धावा आणि ४०० बळी असा पल्ला गाठणारा तो पहिला खेळाडू. २०२४-२५ ला त्यांनी जोडीला आणखी एक फिरकी गोलंदाज आणला. कोण? आपलाच आदित्य सरवटे! आणि केरळ इतिहासात पहिल्यांदा रणजीच्या अंतिम फेरीत पोचलं. त्याच वर्षी गुरबानी महाराष्ट्राकडे गेलेला. म्हणजे विदर्भाच्या दोन्ही विजयी अंतिम सामन्यांचे नायक एकाच मोसमात बाहेर. कच्चा माल नव्हे, यावेळी पक्का माल बाहेर गेला, एवढाच काय तो फरक.

अंतिम सामना जामठ्यालाच, समोर केरळ आणि केरळच्या टोपीत सरवटे. त्याने ७९ धावाही केल्या. पण केरळच्या पहिल्या डावात नऊ बळी घेतले ते दर्शन नळकांडे, हर्ष दुबे आणि पार्थ रेखाडे या तिघांनी, प्रत्येकी तीन. ३७९ विरुद्ध ३४२, आघाडी ३७ धावांची. सामना अनिर्णित राहिला आणि आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे. दुबेचे मोसमात ६९ बळी झाले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. आधीचा ६८ चा होता, बिहारच्या आशुतोष अमनचा.

या संघातले बाहेरून आलेले दोघे कोण? कर्नाटकचा करुण नायर, ८६ आणि १३५. आणि दिल्लीचा ध्रुव शोरी. हो, तोच शोरी, ज्याचा त्रिफळा उडवून गुरबानीने हॅटट्रिक पूर्ण केली होती! गोलंदाज सोडून गेला, बाद झालेला फलंदाज राहायला आला. असं कथेत लिहिलं तर लोक म्हणतील जरा जास्तच होतंय.

असं का होतं?

माझ्या मते याची तीन कारणं आहेत.

एक, शरीर. फलंदाजाची नजर आणि अक्कल पस्तिशी-चाळिशीतही चालते, जाफर हा त्याचा पुरावा. वेगवान गोलंदाजाची पाठ आणि गुडघे मात्र तिशीतच हिशोब मागायला लागतात. फिरकीवाला जरा जास्त टिकतो. म्हणूनच सक्सेना, सरवटे यांच्यासारखे फिरकी गोलंदाज बाहेर जाऊन यशस्वी होतात.

दोन, बाजार. पंचविशीतला, फिट, बळी घेणारा वेगवान गोलंदाज कुठली असोसिएशन सुखासुखी सोडेल? जो सोडला जातो त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं. लॅटरल हायरिंगमध्ये काम केलेल्यांना हे पटेल. बाजारात जो लगेच जॉईन व्हायला तयार असतो, त्याला आपण पहिला प्रश्न तोच विचारतो.

तीन, गणित. रणजीत निर्णायक विजयाला सहा गुण, नुसत्या आघाडीला तीन. निर्णायक विजय म्हणजे बहुधा वीस बळी. ते एकट्याचं काम नाही, चार-पाच जण लागतात आणि त्यातला एखादा जखमी होणार, एखादा भारताकडून खेळायला जाणार हे धरून चालायचं. म्हणजे आठ-दहा तयार हवेत. पाहुणे मिळून तीनच. बाकीचे आणणार कुठून?

आणि चौथी गोष्ट, ती कारण नाही, किंमत आहे. अकरात गोलंदाजांच्या जागा चार, फार तर पाच. बाहेरून आणलेला प्रत्येक गोलंदाज एका घरच्या मुलाची षटकं खातो. फलंदाज जाळ्यात हजार चेंडू खेळून शिकेल, गोलंदाज मात्र सामन्यातल्या तिसऱ्या स्पेलमध्ये, थकल्यावर, शिकतो. ती षटकं पाहुण्याला दिली तर दुबे कधी तयार होणार?

तर मग आणावा कुणाला?

२०२५-२६ साठी करुण नायर कर्नाटकला परतला, जितेश शर्मा बडोद्याला गेला. तीन करंडक जिंकलेल्या संघाच्या मुलांना आता मागणी राहणारच. त्यामुळे 'गोलंदाज आणा' ही हाकाटी दर पावसाळ्यात ऐकू येईल. माझं उत्तर असं: आणायचाच झाला तर एकच आणा. त्याचे गेल्या वर्षीचे बळी बघू नका, टाकलेली षटकं बघा. जो मोसमभर उभा राहिला तो कामाचा. आपल्याकडे नाही असं काहीतरी त्याच्याकडे हवं. आणि तो सरावाच्या वेळी एकोणीस वर्षांच्या मुलाशेजारी उभा राहून मनगट कसं धरायचं हे दाखवणारा हवा. तसा माणूस फी घेऊन गेला तरी मागे बियाणं ठेवून जातो. १९६२ च्या चौकडीने ते ठेवलं नाही आणि आपण मागितलंही नाही.

बाकीचा पैसा डांबरी रस्त्यावर खर्च करा. म्हणजे काय? नागपूर-हैदराबाद महामार्गावर जामठा लागतं. तोच रस्ता पुढे हिंगणघाटवरून आमच्या पांढरकवड्याला, केळापूर तालुक्याच्या ठिकाणी येतो. दीडशे-एक किलोमीटर. इथून जामठ्याला निवड चाचणीला जायचं तर बाप पहाटे उठणार, कामाचा एक दिवस बुडवणार, दोघांचं एसटीचं भाडं काढणार, आणि मुलाने वीस चेंडू टाकले की परत. बहुतेक बाप दुसऱ्यांदा नाही नेत. ज्यांना कापसाचा भाव माहीत आहे त्यांना याचं कारण विचारायची गरज नाही.

म्हणून चाचणी घेणाऱ्यांनीच वर्षातून दोनदा उलटं यावं. वणीला या, पुसदला या, आमच्याकडे या. एका प्रोफेशनलच्या मोसमाच्या मानधनात अशा किती फेऱ्या बसतील याचा हिशोब करायला इंजिनिअर लागत नाही.

विदर्भाला पुढचा मुख्य गोलंदाज बहुधा मिळालेलाच आहे. तो टेनिस बॉलने कुठल्यातरी शाळेच्या मैदानावर टाकतोय, पायात साध्या चपला आहेत आणि कुठल्याही असोसिएशनची 'ना हरकत' त्याला लागत नाही. फक्त कुणीतरी गाडी काढून त्याच्यापर्यंत जायला हवं.